स्वातंत्र्यवाद: नीती, राज्यसत्ता आणि परराष्ट्र व्यवहार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वातंत्र्यवाद म्हणजे थोडक्यात काय?

ज्याने कुणावर हात टाकलेला नाही, चोरी किंवा फसवणूक केलेली नाही, त्याच्यावर बळजबरी करण्याचा हक्क कुणालाही नाही: शेजाऱ्याला नाही, जमावाला नाही आणि सरकारलाही नाही. पहिल्या दोघांबद्दल सहसा कुणाचं दुमत नसतं, सगळा वाद तिसऱ्यावरून आहे. 'तुझा माल बाहेरगावी विकायचा नाही' असा दम गावगुंडाने दिला तर तो गुन्हा ठरतो आणि तेच राजपत्रात छापून आलं की धोरण ठरतं. हा भेद स्वातंत्र्यवादी मानत नाहीत. इंग्रजीत ज्याला लिबर्टेरियनिझम म्हणतात तो हाच विचार. महाराष्ट्रात शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने तो 'खुली व्यवस्था' या नावाने मांडला.

सगळे स्वातंत्र्यवादी एकच सांगतात का?

नाही, आणि इथेच वाचकांची गल्लत होते. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये किमान राज्याची बाजू मांडली: पोलीस, न्यायालयं आणि संरक्षण, बस्स. अमेरिकन विचारवंत मरे रॉथबर्ड यांना तेवढंही राज्य नको होतं. संरक्षण आणि न्यायनिवाडासुद्धा लोकांनी स्वेच्छेने विकत घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. फ्रेडरिक हायेक आणि मिल्टन फ्रीडमन हे अर्थशास्त्राच्या वाटेने आलेले. त्यांचा भर हक्कांपेक्षा परिणामांवर होता, म्हणून ते बरेच सैल होते. हायेक यांना गरिबांसाठी किमान उत्पन्नाची हमी मान्य होती, तर फ्रीडमन यांनी ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला सरकारनेच रक्कम द्यावी अशी 'ऋण प्राप्तिकरा'ची योजना मांडली. त्यामुळे 'स्वातंत्र्यवाद्यांना गरिबांसाठी काहीच नको असतं' हे सरसकट विधान चुकीचं आहे.

हे लोक डावे की उजवे?

ही विभागणी इथे चालत नाही. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्दबातल ठरवली. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. कांद्याच्या निर्यातीवर तर बंदी येते-जाते. स्वातंत्र्यवाद्याच्या लेखी या तिन्ही बंद्या एकाच कारणाने चुकीच्या आहेत. यातली एखादी आवडती आणि एखादी नावडती असेल, तर तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी पक्षाचे आहात.

म्हणजे नीतीच्या बाबतीत 'वाटेल ते करा'?

दुर्गुण आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणणं आहे. दारू पिणं वाईट वाटत असेल तर सांगा, समजवा, पिणाऱ्याशी सोयरीक करू नका. पोलीस मात्र बोलावू नका, कारण त्याने दुसऱ्या कुणाला इजा केलेली नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून जिवंत आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू बाळगायला आणि प्यायला कागदोपत्री परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. मत १८ व्या वर्षी देता येतं, मुलाला लग्न २१ व्या वर्षी करता येतं, पण लग्नातल्या पेल्यासाठी आणखी ४ वर्षं थांबायचं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवावी लागली. अवैध विक्री हे त्याचं एक प्रमुख कारण होतं. बंदी फसते ती ठरावीक मार्गाने. मागणी तशीच राहते आणि भाव चढतो, पोलिसांशी संधान असलेल्यांच्या हाती धंदा जातो. मालाची तपासणी होत नाही, कारण मालच कागदावर नसतो. उधारीचा तंटा कोर्टात नेता येत नाही, म्हणून तो लाठीने मिटतो.

पण इथे स्वातंत्र्यवादी फार झटपट उत्तर देतात, हेही नोंदवायला हवं. गावातल्या बाया 'आडवी बाटली' करून दुकान बंद पाडतात तेव्हा त्यांची तक्रार नवऱ्याच्या पिण्यापेक्षा त्याच्या मारहाणीबद्दल आणि मजुरी हिसकावून नेण्याबद्दल असते. मारहाण हा गुन्हाच आहे, त्याची शिक्षा करा, हे उत्तर तत्त्वतः बरोबर. पण चौकीत तक्रारच लिहून घेतली जात नसेल तर त्या बाईच्या हाती दुकान बंद पाडणं एवढंच उरतं. आधी ज्या गुन्ह्याला खरोखर बळी आहे त्याची दाद लागली पाहिजे, मग दुर्गुणावर प्रवचन.

एखादा कायदा या कसोटीवर कसा घासून पाहायचा?

पाच प्रश्न क्रमाने विचारा.

१. नेमकं कुणाला, काय करण्यापासून अडवलं आहे?
२. त्या कृतीने तिसऱ्या कुणाच्या शरीराला किंवा मालमत्तेला इजा होते का?
३. होत असेल, तर ती नुकसानभरपाईचा दावा, करार किंवा विमा यांनी भरून निघते का?
४. अधिकार कुणाच्या हाती आहे: कायदेमंडळाच्या, की अधिसूचना काढणाऱ्या खात्याच्या?
५. कायदा कधी संपणार याची तारीख लिहिली आहे का आणि तो त्या दिवशी आपोआप संपतो का?

कांदा घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी आली. ती मार्चअखेरपर्यंत म्हणून आली आणि पुढे वाढली. ४ मे २०२४ ला उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून स्वस्तात निर्यात करायची नाही) आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य हटलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, शून्य झालं ते १ एप्रिल २०२५ ला. आता प्रश्न लावून पाहा. अडवला गेला शेतकरी आणि व्यापारी. मलेशिया किंवा आखातातल्या गिऱ्हाइकाला माल विकल्याने इथे कुणाला इजा झाली नाही; भाव चढणं ही इजा नव्हे, कारण दुसऱ्याचा कांदा ठरावीक भावात मिळण्याचा हक्क कुणाकडेच नसतो. निर्णय संसदेत मतदानाने झालेला नव्हता, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखालच्या अधिसूचनेने झाला होता. मुदत होती, पण ती पाळली गेली नाही.

डिसेंबर महिना मुद्दाम लक्षात घ्यावा. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, त्यामुळे तो धरून ठेवता येतो. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा, आणि तो काही आठवडेच टिकतो. बंदी उठेपर्यंत थांबायची सोयच नाही, मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. शहरातल्या गरिबाला महाग कांदा परवडत नाही हा आक्षेप खरा आहे. त्यावर स्वातंत्र्यवादी उत्तर असं: मदत द्यायची तर सर्वांच्या तिजोरीतून रोख द्या, एकट्या लासलगावच्या शेतकऱ्याकडून वसूल करू नका.

कर म्हणजे चोरी का?

रॉथबर्ड म्हणतील, हो. नोझिक यांनी श्रमाच्या कमाईवरच्या कराची तुलना सक्तमजुरीशी केली. किमान राज्यवाल्यांना मात्र पोलीस-कोर्टासाठी कुठून तरी पैसा लागतोच, म्हणून त्यांचा वाद 'किती' आणि 'कशावर' याबद्दल असतो. फ्रीडमन यांना त्यातल्या त्यात कमी वाईट वाटला तो जमिनीच्या मूळ किमतीवरचा कर, इमारत किंवा कष्ट वगळून.

सरकारकडे गेलेला अधिकार परत का येत नाही?

आमच्या मते स्वातंत्र्यवादाचा सगळ्यात भक्कम भाग हाच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हिग्ज यांनी १९८७ मध्ये तो नीट मांडला: संकटात सत्ता वाढते, संकट सरल्यावर थोडी ओसरते, पण मूळ पातळीवर कधीच येत नाही. सायकलच्या फ्रीव्हीलचा खटका जसा एकाच दिशेने दात सोडतो, तसं. अमेरिकेत १९१३ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७ टक्के होता, पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये तो ७७ टक्क्यांवर गेला. युद्धानंतर १९२५ पर्यंत तो २५ वर उतरला, ७ वर आला नाही.

भारतातली उदाहरणं याहून बोलकी आहेत. १९३९ च्या भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आलं. युद्ध १९४५ ला संपलं, पण त्याच नियंत्रणाचा १९४७ मध्ये कायदा झाला, १९७३ मध्ये तो आणखी कडक झाला आणि चलनाचा गुन्हा फौजदारी न मानणारा कायदा यायला १९९९ उजाडलं. कंपन्यांनी भांडवल उभारण्यावरचं १९४३ चं नियंत्रण १९९२ पर्यंत टिकलं. युद्धकाळातल्या पुरवठा नियंत्रणाचा १९४६ मध्ये कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' हे शब्द होते. त्याची जागा घेणारा १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा आजही आहे.

१९६२ चं चीन युद्ध सुमारे महिनाभर चाललं. २६ ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं: १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला मनाई. असंख्य सोनारांची भट्टी थंड पडली. दागिन्यांवरची अट पुढे सैल झाली, पण नियंत्रणाचा कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. दरम्यान सोन्याच्या तस्करीने मुंबईच्या किनाऱ्यावर कुणाचं भलं केलं, हे सांगायला नको.

मुंबईचं घरभाडं हे याच घराण्यातलं. १९४७ च्या कायद्याने प्रमाणित भाडं १९४० च्या पातळीला बांधलं. पैशाची किंमत घसरत गेली, भाडं जागेवरच राहिलं. मग ओळीने जे व्हायचं ते झालं. भाड्यात पाण्याची मोटर दुरुस्त होईना, म्हणून मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरूने जागा सोडायची नाही असं ठरवलं, कारण तशी जागा पुन्हा मिळणार नव्हती. खरी किंमत 'पागडी' होऊन टेबलाखाली गेली. रिकामी घरं कुलूपबंद राहिली, कारण भाडेकरू घातला की तो निघत नाही. मोडकळीला आलेल्या चाळींसाठी १९६९ मध्ये वेगळं दुरुस्ती मंडळ आणि वेगळा उपकर आला, म्हणजे एका नियंत्रणाची दुरुस्ती करायला दुसरं. ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली.

खटका मागे का फिरत नाही? फायदा मोजक्यांना आणि मोठा मिळतो, तोटा सर्वांना थोडाथोडा होतो, त्यामुळे हटवा म्हणून मोर्चा काढायला कुणी नसतं. शिवाय नियंत्रणासोबत खातं, निरीक्षक आणि परवाने येतात, आणि त्यांना आपलं काम संपावंसं कधीच वाटत नाही.

परराष्ट्र धोरणाबद्दल काय म्हणणं आहे?

सगळ्यांशी व्यापार, सगळीकडे प्रवास, बळाचा वापर फक्त स्वसंरक्षणासाठी. याचं मूळ इंग्लंडच्या रिचर्ड कॉब्डेन यांच्याकडे जातं. धान्य आयातीवरचे कर १८४६ मध्ये रद्द करायला लावणारी चळवळ त्यांचीच आणि १८६० चा ब्रिटन-फ्रान्स व्यापार करारही त्यांनीच घडवला. त्याच माणसाने क्रिमियन युद्धाला विरोध केला आणि पुढच्या निवडणुकीत जागा गमावली.

युक्तिवाद तीन पदरी आहे. परक्या देशावरच्या बाँबने जे मरतात त्यांनी काही गुन्हा केलेला नसतो. युद्धाचा खर्च इथल्या माणसाकडून सक्तीने वसूल होतो. आणि जी यंत्रणा स्वतःच्या देशातल्या डाळीचा भाव ठरवताना चुकते, तिला इराकचा (२००३) किंवा लिबियाचा (२०११) समाज नव्याने उभा करता येईल, हे मानायला काही आधार नाही. शिवाय वरचा खटका सगळ्यात जोरात फिरतो तो युद्धातच. भारतातला पहिला प्राप्तिकर १८६० मध्ये आला तो १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी, आणि तो आणला जेम्स विल्सन यांनी, जे इंग्लंडमध्ये खुल्या व्यापाराचे कट्टर पुरस्कर्ते होते. रिकामी तिजोरी तत्त्वांना अशी वाकवते.

मग हे नेहरूंच्या अलिप्ततेसारखंच झालं?

नाही. नेहरूंच्या धोरणात सरकार लष्करी गटांपासून दूर राहिलं, पण नागरिकाचा परदेशी व्यापार परवान्यात जखडलेला राहिला. स्वातंत्र्यवाद्याला नेमकं उलटं हवं: सरकार बाजूला, माणसं आणि माल मोकळे. गंमत अशी की १९५९ मध्ये राजाजी आणि मिनू मसानी यांनी काढलेला स्वतंत्र पक्ष आर्थिक बाबतीत या विचाराच्या जवळ होता, पण चीनच्या भीतीने त्याला पाश्चात्त्य देशांशी जवळीक हवी होती. हल्लेखोर शेजारी असताना अमेरिकेतला युक्तिवाद जसाच्या तसा उचलता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. अमेरिकेच्या दोन बाजूंना समुद्र आहे.

शेजाऱ्याने हल्ला केला तर?

स्वसंरक्षण पूर्णपणे मान्य. वाद आहे तो सैन्य कसं उभारायचं यावर. सक्तीच्या भरतीला जवळपास सर्वांचाच विरोध आहे. अमेरिकेत ती १९७३ मध्ये थांबली, त्याआधी नेमलेल्या आयोगात फ्रीडमन होते. भारताचं सैन्य पहिल्यापासून स्वेच्छेचं आहे. रॉथबर्डपंथी खासगी संरक्षणाची भाषा करतात, पण क्षेपणास्त्र सगळ्या शहरावर येतं, वर्गणी न भरणाऱ्याला वेगळं काढता येत नाही. याचं पटण्यासारखं उत्तर त्यांच्याकडून आलेलं नाही.

गोवा १९६१: कारवाई योग्य होती का?

स्वातंत्र्यवाद्यांना अडचणीत आणणारा हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छपाईवर सेन्सॉर होता आणि सभाबंदी होती. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी ती मोडली. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने दोन दिवसांत काम आटोपलं. पोर्तुगीज राज्याला गोवेकरांची संमती कधीच नव्हती, त्यामुळे त्याच्या 'सार्वभौमत्वा'ला नैतिक वजन नाही, हे सगळे स्वातंत्र्यवादी मान्य करतील. पण दुसऱ्या राज्याने सैन्य पाठवावं का, यावर फूट पडते. राजाजींनी त्या वेळी कारवाईवर कडक टीका केली होती.

लोकांना खरोखर विचारलं गेलं ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विरोधात १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली. पर्याय दोनच होते आणि तिसरा कुणी छापला नाही. तरीही त्या काळाच्या मानाने हा कौल दुर्मीळच, आणि महाराष्ट्रातल्या बलाढ्य पुढाऱ्यांना नको असलेला निकाल मान्य झाला, हे त्याचं मोल.

आर्थिक निर्बंधांना पाठिंबा असतो का?

सहसा नाही. निर्बंध राज्यकर्त्यावर लावले तरी बसतात औषध-धान्य विकत घेणाऱ्यावर, आणि आपल्याच व्यापाऱ्याचे हात बांधले जातात. शत्रू संपत्ती कायदा हा त्याचा देशी भाऊबंद. १९६८ चा हा कायदा पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी होता. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय नागरिक असलेल्या वारसांचाही हक्क पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतला. आजोबांनी देश सोडला म्हणून नातवाचं घर गेलं.

सीमा खुल्या असाव्यात का?

इथे घर दुभंगलेलं आहे. एक बाजू म्हणते, काम देणारा आणि करणारा राजी असताना सरकारने मध्ये पडायचं कारण नाही. अमेरिकेत ८५ हजारांच्या एच-१बी कोट्यात आणि ग्रीन कार्डाच्या ७ टक्के देशनिहाय मर्यादेत अडकलेल्या मराठी कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जर्मन स्वातंत्र्यवादी हान्स-हर्मान होप्पे यांची बाजू म्हणते, सार्वजनिक जागा ही करदात्यांची मालमत्ता आहे, तिथे कुणाला येऊ द्यायचं ते त्यांनी ठरवावं. हाच तर्क ताणला तर परप्रांतीयालाही रस्त्यावर अडवता येईल, म्हणून आम्हाला तो लंगडा वाटतो.

मुळात मालकीच अन्यायाने आली असेल तर?

भारतात हा प्रश्न टाळून स्वातंत्र्यवाद मांडणं म्हणजे अर्धवट मांडणं. नोझिक यांनी तीन अटी घातल्या: मालमत्ता मुळात न्याय्य मार्गाने मिळालेली असावी, स्वेच्छेने हस्तांतरित झालेली असावी आणि मागे अन्याय झाला असेल तर त्याची दुरुस्ती व्हावी. तिसरी अट कशी अमलात आणायची, हे त्यांनी जवळपास मोकळंच सोडलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरू दिली नाही त्यांना 'आहे त्या मालकीचा आदर करा' एवढंच सांगणं हा न्याय नव्हे.

पण सरकारने केलेली दुरुस्तीही पाहावी. महार वतनाविरुद्ध (गावकामाच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळणारी जमीन) डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी पुन्हा दिल्या गेल्या, पण भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजे विकायची तर सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला द्यायची रक्कम). ही अट फसवणुकीपासून संरक्षण म्हणून घातली गेली. व्यवहारात परवानगी मिळवून देणाऱ्या दलालांचं फावलं आणि मूळ वतनदाराला शेजारच्या वर्ग १ च्या जमिनीइतका भाव मिळत नाही. वर्ग १ चा पूर्ण हक्क विनानजराणा देणं ही इथली सरळ स्वातंत्र्यवादी मागणी आहे. आदिवासींच्या जमिनीबद्दल तेच म्हणायला आम्ही कचरू, कारण तिथे फसवणुकीचा इतिहास ताजा आहे आणि दाद मागण्याची सोय तोकडी.

भारतात हा विचार कुणी मांडला?

रणछोडदास लोटवाला या मुंबईच्या पीठगिरणीच्या मालकाने आधी कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्या साम्यवादी नियतकालिकाला पैसा पुरवला आणि पुढे पूर्ण उलट्या टोकाला जाऊन मुंबईतून 'द इंडियन लिबर्टेरियन' चालवलं. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर भिन्नमतपत्रिका जोडली. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. स्त्रियांच्या नावे जमीन करून देणारी लक्ष्मीमुक्ती मोहीम त्यांचीच, आणि ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध पडलेलं एकमेव मतही त्यांचंच. पहिल्यात मालकी स्वेच्छेने दिली जात होती, दुसऱ्यात मतदाराची निवड कायद्याने बांधली जात होती.

हाविएर मिलेई हा या विचाराचा नमुना मानावा का?

अर्धाच. डिसेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी मंत्रालयं १८ वरून ९ वर आणली. २०२३ ची २११ टक्के महागाई २०२४ अखेर ११८ टक्क्यांवर आली, पण मधल्या काळात, २०२४ च्या पहिल्या सहामाहीत, गरिबीचं प्रमाण जवळपास ५३ टक्क्यांवर गेलं होतं. दुसऱ्या सहामाहीत ते ३८ वर उतरलं. परराष्ट्र धोरणात ते अमेरिका आणि इस्रायलच्या बाजूला उघडपणे उभे आहेत. रॉथबर्ड यांचं नाव त्यांनी आपल्या एका कुत्र्याला दिलं आहे, पण त्यांचं 'दुसऱ्यांच्या भांडणात पडू नका' हे मत घेतलेलं नाही. गर्भपाताला त्यांचा विरोध आहे, ज्यावर स्वातंत्र्यवादी आपसातच दोन्हीकडे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २० अब्ज डॉलरचा कार्यक्रम घेतला. हे कर्ज फेडणार आहेत ते पुढचे करदाते, आणि त्यांची संमती कुणी घेतलेली नाही.